पाण्याखालच्या रोबोनं तळाचा नकाशा काढतोय, पण ३० ची फरशी ४२ ची का येतीय?

वडणगेचा_पाणबुड्या :

नमस्कार मंडळी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोल्हापुरातच, कॉलेजचं नाव नको. चौघांनी मिळून पाण्याखाली चालणारा रोबो केलाय. पीव्हीसी पाइपची फ्रेम, पाण्यात ढकलणारे सहा थ्रस्टर, आत रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर, खाली बघणारा एक कॅमेरा सपाट ॲक्रिलिकच्या खिडकीमागं, आणि तळापासून किती वर आहोत ते सांगणारा छोटा सोनार अल्टिमीटर. खोली स्वतः धरतो, सरळ रेघेत स्वतः जातो, पण केबल अजून सुटलेली नाही त्यामुळं ऑटोनॉमस म्हणताना जरा लाजच वाटतीय.

प्रोजेक्टचा विषय असा की फक्त कॅमेऱ्यावर, फोटो एकाला एक जुळवून, समुद्रतळाचा नकाशा. समुद्र काय कोल्हापुरात नाही, म्हणून मामाच्या मळ्यातल्या विहिरीत टेस्टिंग चाललंय. दगडी बांधीव विहीर आहे, २६ फूट व्यास, आत्ता उन्हाळ्यात बारा फूट पाणी, आणि पाणी बऱ्यापैकी नितळ. तळाशी ३० सेमीच्या शहाबादी फरश्या सहा, एका सरळ रेघेत ठेवल्या, मुद्दाम, म्हणजे नकाशा बरोबर आला का ते कळेल.

तर झालंय असं. एक, फरशी नकाशात ४२ सेमी येतीय. दरवेळी ४२. दोन, सहा फरश्यांची सरळ रेघ केळ्यासारखी वाकडी येतीय. तीन, दुपारी बारा-एकला चांगलं ऊन बघून उतरतो तर फोटो जुळतच नाहीत, आणि परवा ढग होते तेव्हा उलट चांगले जुळले, हे काय डोक्यात शिरत नाही. चार, त्यावर उपाय म्हणून कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूला एलईडी लावले तर सगळा फोटो पांढुरका, बर्फ पडल्यासारखा.

गाइड सर म्हणतात चांगला कॅमेरा घ्या, मित्र म्हणतो डीप लर्निंग घाल. पैसे दोन्हीला नाहीत. काय करू सांगा की. आणि हो, एकाच बेडकाची नकाशात चार बेडकं झालीत, ते राहू दे.

---

कोडकिडा_९० :

ओआरबी-स्लॅम ३ टाक भावा, कॅमेऱ्यावरून नकाशा आणि आपली जागा एकदम काढणारं सॉफ्टवेअर, विषय हार्ड. २०१५ ला पहिलं आलं तेव्हापासून सगळे तेच वापरतात, फुकट आहे, लूप क्लोजर (जुनी जागा परत ओळखणं) बिझर सगळं आत आहे. स्वतःचा कोड लिहीत बसलास तर सबमिशन पुढच्या वर्षी.

---

रंकाळा_वॉकर :

विहीर निवडलीस तेवढं शहाणपण केलंस. रंकाळ्यात टाकला असतास तर हिरव्या रंगाचा एकच फोटो हजार वेळा आला असता. आणि पंचगंगेत केंदाळाचा नकाशा. 😀

---

सागरिका_गडहिंग्लज :

@कोडकिडा, स्लॅम टाकून फरशी ३० ची होणार नाही. एक कॅमेरा असला की स्लॅमला स्वतःचं माप नसतंच, ते आकार सांगतं, सेंटिमीटर नाही सांगत. माप बाहेरून द्यावं लागतं, याच्याकडं ते अल्टिमीटरवरून येतंय, आणि घोळ तिथंच कुठंतरी आहे. चुकीची भिंगं डोळ्यावर ठेवून चांगला ड्रायव्हर आणून काय उपयोग.

पाणबुड्या, एकच प्रश्न. कॅमेरा कॅलिब्रेट कुठं केलास, म्हणजे भिंगाचं माप कोडला कुठं शिकवलंस, हवेत का पाण्यात?

---

वडणगेचा_पाणबुड्या :

ताई, हवेत. घरी गॅलरीत, चेकरबोर्डची (काळ्या-पांढऱ्या चौकटींची) झेरॉक्स पुठ्ठ्यावर चिकटवून, ओपनसीव्ही सॉफ्टवेअरनं. एरर एकदम कमी आला होता म्हणून खूश होतो.

---

सागरिका_गडहिंग्लज :

मग सापडलं बघ, निदान मोठा चोर तरी सापडला.

पाण्याचा वक्रीभवनांक १.३३, अकरावी-बारावीत पाठ केलेला. सपाट काचेमागून पाण्यात बघितलं की किरण काचेपाशी वाकतात आणि वस्तू जवळ आल्यासारखी, मोठी दिसते. बादलीतलं नाणं वर आल्यासारखं दिसतं तेच हे. कॅमेऱ्याच्या भाषेत बोलायचं तर तुझी फोकल लेंग्थ पाण्यात गेल्याबरोबर साधारण १.३३ पट झाली, आणि तुझा कोड अजून गॅलरीतली फोकल लेंग्थ धरून बसलाय. अल्टिमीटर आवाजावर चालतो, त्याला काच-बिच काही नाही, तो अंतर खरं सांगतोय. खरं अंतर गुणिले मोठं झालेलं चित्र भागिले जुनी फोकल लेंग्थ, म्हणजे ३० चे सरळ ४० होतात.

पण तू ४२ म्हणतोयस. ४२ भागिले ३० म्हणजे १.४. त्यातून १.३३ काढलं तरी पाच टक्के उरतात. ते पाच टक्के पाण्याचे नाहीत, दुसरीकडून येतायत. माझा संशय, अल्टिमीटर आणि कॅमेरा एका उंचीवर बसवलेले नाहीत. मोजून बघ.

आणि ओळखायची युक्ती सांगते, ही पुढं पण उपयोगी पडेल. तोच फोटो एकदा १ मीटरवरून घे, एकदा २ मीटरवरून. चूक दोन्हीकडं तेवढ्याच टक्क्यांची आली तर ती भिंगाची, काचेची. वर गेल्यावर टक्के निम्मे झाले तर ती बसवण्यातली, कारण पाच सेंटिमीटरचा फरक १ मीटरला पाच टक्के असतो आणि २ मीटरला अडीच.

केळं पण बऱ्यापैकी याच्यातूनच येतंय. सपाट काच चित्राच्या कडा बाहेर खेचते, हवेतल्या कॅलिब्रेशनला ते माहीत नाही, मग प्रत्येक फोटो त्याच दिशेला थोडा थोडा चुकतो. एका फोटोत डोळ्याला दिसत नाही, पण चाळीस फोटो एकाला एक चिकटवले की सगळी चूक एकाच बाजूला साठत जाते आणि रेघ वाकते. उलटसुलट चुका असत्या तर एकमेकांना खाऊन टाकल्या असत्या, या सगळ्या एकाच पार्टीच्या आहेत.

उपाय फुकट आहे. कॅलिब्रेशन पाण्यात कर, त्याच डब्यात, त्याच काचेमागून. झेरॉक्स आणि पुठ्ठा चालणार नाही, फुगेल. आपल्याकडं फ्लेक्सवाल्यांना काय तोटा आहे, त्यातल्याच एकाकडून मॅट विनाईलवर चेकरबोर्ड छापून ॲल्युमिनियमच्या एसीपी शीटच्या तुकड्यावर चिकटवून घे. मॅटच सांग, ग्लॉसी दिलं तर चकाकतं आणि कोपरे सापडत नाहीत. सनबोर्ड घेऊ नको, तो तरंगतो, एकजण बोर्ड दाबून धरायलाच लागेल. तीस-चाळीस फोटो, बोर्ड तिरका करून, आणि चित्राच्या चारी कोपऱ्यांत बोर्ड गेला पाहिजे, सगळे मधेच घेतात आणि मग कडा चुकतात. खरं बघायला गेलं तर सपाट काचेमागं सगळे किरण एका बिंदूत मिळतच नाहीत, त्यामुळं साधं पिनहोल मॉडेल शंभर टक्के लागू पडत नाही, पण लेन्स काचेला चिकटून आणि काटकोनात असेल तर पाण्यातलं कॅलिब्रेशन बहुतेक सगळं पोटात घेतं. तुमच्या कामाला भरपूर.

गोप्रोसारखा कॅमेरा असेल तर त्यातलं स्टॅबिलायझेशन बंद कर आधी. ते प्रत्येक फ्रेम स्वतःच्या मनानं कापतं-वाकवतं, मग भूमिती कसली. फोकस आणि एक्सपोजर पण बांधून टाक.

---

कोडकिडा_९० :

ताई मानलं. १.३३ बघून पण डोक्यात आलं नाही आमच्या.

---

लेथवाले_आप्पा :

पोरानू मी शिकलेला न्हाई, उद्यमनगरात लेथ हाय माझं, तीस वर्सं झाली. कॉम्प्युटरचं तुमी बघा. मी बत्तीचं सांगतो.

कॅमेऱ्याच्या दोन्ही अंगाला चिकटून बत्त्या लावल्यात म्हणतोस. आरं गगनबावड्याच्या घाटात पावसाळ्यात धुकं आसतंय, तितं गाडीची अप्पर मारलीस तर काय दिसतंय? पांढरी भिंत. डिपर मारली, खालनं फॉगलॅम्प लावला की रस्ता दिसतोय. तसंच हाय हे. पाण्यात गाळाचे कण आसत्यात, तुजी बत्ती कॅमेऱ्याच्या नाकाखाली आसली तर उजेड आधी त्या कणांवर आपटून माघारी कॅमेऱ्यात येतोय, तळापर्यंत जातोय कधी. बत्त्या लांब ने. दोन्ही अंगाला दीड-दोन फुटाचे हात काढ, ॲल्युमिनियमच्या पाइपचे, आन बत्त्या आत तिरक्या कर म्हंजे दोन्हीचा उजेड तळाला जाऊन मिळंल, कॅमेऱ्याफुडचं पाणी अंधारात ऱ्हायलं पायजे. माजा एक गिऱ्हाईक मालवणला पाण्याखालचं फोटो काढतोय, त्याला आसलं ब्रॅकेट करून दिलंय.

दुसरं डब्याचं. झाकणाला ओ-रिंगची, म्हंजे पाणी आडवणाऱ्या रबरी कड्याची, खाच कुणी मारली? हातानं मारली आसशील तर बारा फुटाला चाललंय म्हणून समुद्राला चालंल आसं समजू नगं. धा मीटरला दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो दाब वाढतोय, तुजं झाकण धा सेंटिमीटरचं आसलं तर आठ्ठ्याहत्तर किलो झालं. तालमीतला एक गडी झाकणावर हुबा ऱ्हायल्यासारखं. सिलिकॉन ग्रीस लाव, पण बोटाला लागंल येवढंच, लोणी फासल्यासारखं न्हवं. आन पयल्यांदा कॅमेरा न घालता, आत टिश्यू पेपर ठेवून डबा तळाला सोड, अर्धा तास. कागद वला झाला तर मग माज्याकडं ये.

---

रंकाळा_वॉकर :

आप्पा एक नंबर. अप्पर-डिपरचं उदाहरण आमच्या सरांनी दिलं असतं तर आम्ही पण इंजिनिअर झालो असतो.

---

दर्यावर्दी_गोवा :

मी मूळचा कोल्हापूरचाच, सध्या गोव्यात सर्व्हे बोटीवर काम करतो, म्हणजे महिन्यातले वीस दिवस पाण्यावर. ताईंनी आणि आप्पांनी मुळावर बोट ठेवलंय. मी राहिलेल्या दोन गोष्टी सांगतो आणि मग थोडं समुद्राचं, कारण प्रोजेक्टच्या व्हायव्हामध्ये हमखास विचारतात की सोनार असताना कॅमेरा कशाला.

उन्हाचं आधी. पाण्यावरच्या लहान लाटा भिंगासारखं काम करतात, ऊन गोळा करून तळावर टाकतात, त्या हलणाऱ्या चमकदार जाळ्या स्विमिंग टँकच्या तळाला बघितल्या असतील. तुझा कोड फोटोत खुणा शोधतो, ठळक कोपरे, कडा, आणि भर दुपारी तळावर सगळ्यात ठळक काय असतं तर ही जाळी, फरशी नव्हे. पुढच्या फोटोत जाळी हललेली असते. म्हणजे तू नकाशा लाटांचा काढतोयस. ढग आले, जाळी गेली, खुणा जुळल्या. संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर उतर किंवा सरळ रात्री स्वतःच्या उजेडावर, आप्पांचे हात लावून. खोल समुद्रात ही कटकट नाही, हजार मीटरखाली ऊन पोचतच नाही, सगळा उजेड बरोबर न्यायचा. त्याची वेगळी कटकट अशी की उजेड तुझ्याबरोबर चालतो, सावल्या पण तुझ्याबरोबर चालतात आणि एकच दगड येताना वेगळा, जाताना वेगळा दिसतो.

रंगाच्या मागं आत्ता लागू नको. पाणी लाल आधी खातं, काही मीटरमध्येच, म्हणून सगळं निळं-हिरवं येतं. जुळवणीसाठी ग्रे-स्केल कर, वर क्लाहे मार, म्हणजे तुकड्या-तुकड्यानं कॉन्ट्रास्ट उचलला जातो, बास झालं. रंग परत आणायचे असले तर २०१९ साली डेरिया अक्कायनाक आणि ताली ट्राइबिट्झ यांनी सी-थ्रू म्हणून पद्धत मांडली, त्यात प्रत्येक पिक्सेलचं अंतर माहीत असावं लागतं आणि ते तुला नकाशा झाल्यावर आपोआप मिळतंच. म्हणजे आधी भूमिती, मग रंग.

आता चालायचं कसं. तू फक्त जा-ये जा-ये अशा समांतर रेघा मारत असणार. कुळवाची पाळी कशी घालतात? उभी झाली की आडवी. तुझ्या रोबोनं पण उभ्या पाळ्या संपल्यावर तीन-चार आडव्या मारायच्या, म्हणजे जुन्या जागा परत दिसतात, कोडला कळतं की अरे इथं तर मी आधी आलो होतो आणि साठलेली चूक मागं वाटून टाकता येते. पाण्याखाली जीपीएस नाही, रेडिओ लहरी पाण्यात शिरल्या शिरल्या मरतात, त्यामुळं आपण कुठं आहोत हे कळायला ही ओळखीची खूणच आधार. बोटीवर आमच्याकडं तळावर आवाज सोडून वेग मोजणारा डीव्हीएल असतो, पण त्याची किंमत लाखांत जाते, तुम्ही नाद करू नका.

हिशोब करून देतो. तुझा कॅमेरा हवेत आडवा ६० अंश बघत असेल तर पाण्यात सपाट काचेमागून ४४ अंशच बघतो. १ मीटरवरून हवेत १.१५ मीटर रुंद पट्टा दिसला असता, पाण्यात ८० सेमी. पन्नास टक्के शेजारच्या पट्ट्यावर चढायला ठेवले तर दोन पाळ्यांत ४० सेमी. तुझ्या विहिरीचा तळ साधारण ५० चौरस मीटर, म्हणजे १२५ मीटर चालणं. सेकंदाला २० सेमी वेग ठेव, त्यापेक्षा जास्त नको, साडेदहा मिनिटं, सेकंदाला दोन फोटो. आडव्या पाळ्या धरून पंधरा मिनिटांत बॅटरीसकट बाहेर.

आता हाच हिशोब समुद्रात लाव. रोबो तळापासून ३ मीटरवर, पट्टा २.४ मीटर, पाळ्या १.२ मीटरवर, वेग अर्धा मीटर. एक चौरस किलोमीटर काढायला ८३३ किलोमीटर चालावं लागतं, रात्रंदिवस एकोणीस दिवस. आणि हिंदी महासागराच्या मध्यात तळावर पडलेल्या मँगनीजच्या गोळ्यांसाठी भारताकडं जे क्षेत्र आहे ते ७५,००० चौरस किलोमीटरचं. म्हणून बोटीखालचा मल्टिबीम सोनार आधी मोठा नकाशा काढतो, एका फेरीत खोलीच्या काही पट रुंद पट्टा, आणि जिथं काही संशयास्पद किंवा कामाचं दिसतं तिथं कॅमेरेवाला रोबो खाली पाठवायचा. सोनार सांगतो की इथं उंचवटा आहे, तो प्रवाळ आहे का खडक आहे का कुणाची बुडालेली होडी, ते कॅमेरा सांगतो. एवढं करून पण सीबेड २०३० या जागतिक समुद्रतळ-नकाशा प्रकल्पाच्या हिशोबानं जून २०२४ पर्यंत जगातल्या समुद्रतळाचा २६.१ टक्के भागच नीट मोजून झाला होता. बाकीचं उपग्रहावरून काढलेलं ढोबळ चित्र, त्यात अख्खा पन्हाळा नुसता एक ठिपका होईल.

आपल्याकडचं उदाहरण दे व्हायव्हात. चेन्नईच्या एनआयओटी या समुद्र तंत्रज्ञान संस्थेनं डिसेंबर २०२२ मध्ये सागरनिधी जहाजावरून ओएमई ६००० नावाचा स्वयंचलित रोबो ५२७१ मीटरवर उतरवला, त्या गोळ्यांसाठीच, १४ चौरस किलोमीटर पाहणी केली. त्या गोळ्या फोटोत शेतात विस्कटलेल्या बटाट्यांसारख्या दिसतात, किती दाट आहेत ते मोजायचं तर डोळाच लागतो. (हा मत्स्य ६००० नव्हे, ती माणसं बसवून नेणारी पाणबुडी. आणि आयआयटी मुंबईच्या पोरांच्या रोबोचं नाव पण मत्स्यच, व्हायव्हात गोंधळ घालू नका, मी एका मुलाखतीत घातलाय.)

---

सागरिका_गडहिंग्लज :

दर्यावर्दी, हनुमंत सिंगांचं राहिलं की. पाणबुड्या, हे तुझ्या फ्रेमसाठी महत्त्वाचं आहे. अमेरिकेत वुड्स होलला त्यांच्या टीमनं सीबेड नावाचा रोबो केला, फोटो काढायलाच म्हणून. त्याला एकावर एक दोन नळ्या, वरची हलकी, तरंगणारी, खालची जड. त्यामुळं तो डुलत नाही, हळू चालतो, जागेवर उभा पण राहतो. टॉर्पेडोच्या आकाराचा रोबो पळतो चांगला पण फोटो काढायला पळून काय करायचंय. सिडनी विद्यापीठाचा सिरिअस त्याच्यावरूनच केलाय, त्यात दोन कॅमेरे शेजारी शेजारी, म्हणजे स्टिरिओ, मग माप अल्टिमीटरवर अवलंबून राहत नाही, दोन कॅमेऱ्यांतलं अंतर माहीत असतं तेच गजाचं काम करतं.

तुम्ही एवढंच करा, फोम सगळा वर, बॅटरी आणि वजन सगळं खाली. कॅमेरा डुलला तर उंचीचं गणित पण डुलतं.

आणि तळाला एक मीटरचा पांढरा पाइप, दर दहा सेंटिमीटरला काळी टेप गुंडाळून, आडवा टाकून ठेवा. अल्टिमीटर खोटं बोलला तरी तो पाइप बोलणार नाही.

---

कोडकिडा_९० :

टायटॅनिकचं थ्रीडी केलंय ते पण असंच का? व्हिडिओ बघितला होता.

---

दर्यावर्दी_गोवा :

हो, तत्त्व हेच. २०२२ च्या उन्हाळ्यात ७ लाखांवर फोटो घेतले, ३८०० मीटर खोलीवर, एकावर एक चढणारे, आणि मग फोटोग्रामेट्रीनं, म्हणजे फोटोंवरून मापं काढून, अख्खं जहाज उभं केलं. ते रोबो मात्र वरच्या बोटीवरून माणसं चालवत होती, केबलला बांधलेले. त्यामुळं पाणबुड्या, केबलची लाज वाटून घेऊ नको.

---

वडणगेचा_पाणबुड्या :

रविवारचा रिपोर्ट देतो. आधी सगळ्यांचे पाय धरतो.

बोर्ड छापून आणला, फ्लेक्सवाल्यानं विचारलं कुणाचा वाढदिवस, चेकरबोर्ड म्हटल्यावर दोनदा बघितलं माझ्याकडं. विहिरीत मी स्वतः ट्यूब घेऊन उतरलो, बोर्ड तिरका करून करून चाळीस फोटो, थंडीनं दात वाजत होते आणि मामी वरून ओरडत होती की नकाशा काढायचाय का न्युमोनिया. फोकल लेंग्थ जुनीच्या १.३२ पट आली. एक पॉइंट तीन दोन! काठावर बसलेला आमचा पार्टनर नाचायला लागला, लॅपटॉप पाण्यात जाता जाता वाचला.

मग फरशी. १ मीटरवरून ३१.५, २ मीटरवरून ३०.७. ताई, अगदी तुम्ही म्हटलं तसं टक्के निम्मे झाले. टेप लावून मोजलं तर अल्टिमीटर कॅमेऱ्यापेक्षा बरोबर ५ सेमी वर बसलाय, आम्हीच बसवलाय, बोल्टला जागा तिथं होती म्हणून. कोडमध्ये ५ सेमी वजा केले, आता ३०.१. आठ दिवस कोडमधली एकेक ओळ बघत होतो हो.

केळं बरंच सरळ झालंय. नुसत्या उभ्या पाळ्यांवर सहा फरश्यांत मधली ४ सेमी बाहेर होती, आधी १९ होती. आडव्या चार पाळ्या मारल्यावर १ सेमीच्या आत. पाइप पण टाकला होता, त्याच्यावरून ताळा घेतला, जुळतंय. संध्याकाळी साडेपाचला उतरलो, एकही फोटो वाया नाही. सर म्हणाले कॅमेरा कुठला घेतला, म्हटलं तोच आहे.

बत्तीचे हात अजून नाहीत, आत्ता बांबूच्या कामट्या बांधल्यात दोन फुटाच्या, त्यावर एलईडी. हसू नका, बर्फ नव्वद टक्के गेला. आप्पा, टिश्यू पेपर एका कोपऱ्यात ओला झालाय. खाच हातानंच मारली होती.

आता दोन शंका. बेडूक अजून आहे, आता दोनच दिसतो पण आहे. आणि परीक्षेनंतर मालवणला खऱ्या समुद्रात न्यावं म्हणतोय, स्नॉर्केलिंग करतात त्या भागात, तिथं प्रवाळ पण आहे, नकाशा भारी होईल.

---

सागरिका_गडहिंग्लज :

वा! आता हे ४२ ते ३०.१ पर्यंतचं सगळं रिपोर्टमध्ये लिही, चुकांसकट. परीक्षक त्यावरच जास्त विचारतील आणि तुला उत्तरं पण येतात.

बेडकासाठी, एका जागेचे पाच-सहा फोटो असतात ना, त्या सगळ्यांचा मिडियन घे, म्हणजे ओळीत लावून मधली किंमत, सरासरी नको. सरासरीत बेडकाचं भूत राहतं, मिडियनमध्ये बेडूक उडून जातो, कारण सहातल्या पाच फोटोंत त्या जागी तळच असतो. बेडूक हलायला मात्र पाहिजे. बसूनच राहिला तर तो तळच.

---

दर्यावर्दी_गोवा :

मालवणचं, तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, परवानगीशिवाय रोबो सोडू नका, वनखात्याकडं आधी अर्ज करा, कॉलेजच्या लेटरहेडवर. प्रवाळावर रोबो आपटला तर प्रवाळ मोडतो, तो परत वाढायला वर्षं लागतात, त्यामुळं १ मीटरच्या खाली उतरायचं नाही असं कोडमध्येच बांधून टाका. आणि विहिरीतली सवय तिथं चालणार नाही, लाटेचं पाणी तळापर्यंत मागं-पुढं झोकतं, सगळं समुद्री गवत हलत असतं, खुणा कुठल्या धरायच्या हाच प्रश्न. दगड धरा, गवत सोडा. पावसाळा लागायच्या आत जा, नंतर पाणी गढूळ आणि बोटी बंद.

आंग्रिया बँकचं, म्हणजे समुद्रात बुडालेल्या प्रवाळाच्या पठाराचं, स्वप्न बघत असाल तर आत्ताच सांगतो, ते विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरच्या वर आत आहे, तिथं मोठ्या बोटीशिवाय आणि परवानग्यांशिवाय कुणी जात नाही. पण बघा स्वप्न.

---

रंकाळा_वॉकर :

मालवणच्या आधी रंकाळ्यातल्या संध्यामठाच्या पायऱ्यांचा नकाशा काढा की राव. पाण्याखाली किती पायऱ्या आहेत यावर आमच्या कट्ट्यावर वीस वर्षं वाद चाललाय.

---

वडणगेचा_पाणबुड्या :

@रंकाळा_वॉकर दादा, तिथं हात पुढं केला तर हात दिसत नाही, कॅमेऱ्याचं काम नाही ते. तिथं सोनार पाहिजे. किंवा बांबू.

---

लेथवाले_आप्पा :

कामट्या समुद्रात नगं, तुटत्यात. पाइप माज्याकडं पडून हायती, हात करून देतो, खाच पण नवी मारून देतो, ओ-रिंग संगं घेऊन ये म्हंजे मापात बसंल. पैशाचं बघू. सोमवारी माजं बंद आसतंय, मंगळवारी सकाळी धाच्या आत ये, नंतर गिऱ्हाईक आसतंय.